मल्टिकास्टमध्ये नोड पडला तर: जलद कन्व्हर्जन्स, मोएफआरआर की लाइव्ह-लाइव्ह?

मल्टिकास्टमध्ये एकच स्ट्रीम एकाच वेळी अनेक रिसीव्हरकडे जाते. वाटेतला नोड (इथे राउटर) पडला तर उपाय तीन: जलद कन्व्हर्जन्स (राउटरांनी नवा मार्ग पटकन शोधणं), मोएफआरआर (राउटरने दुसरी प्रत आधीच घेऊन ठेवणं) आणि लाइव्ह-लाइव्ह (रिसीव्हरपर्यंत दोन स्ट्रीम नेणं). तिन्हींपैकी एक निवडण्याआधी कोणता नोड पडण्याची धास्ती आहे ते ठरवा. मधला राउटर, रिसीव्हरलगतचा राउटर आणि आरपी (रॉन्डेव्हू पॉइंट, सोर्स आणि रिसीव्हर यांची गाठ घालून देणारा राउटर) यांची दुखणी वेगवेगळी आहेत.

मधल्या राउटरपासून सुरुवात करू. पीआयएम (मल्टिकास्टचे मार्ग उभारणारा प्रोटोकॉल) स्वतः नेटवर्कचा नकाशा ठेवत नाही. वरचा, म्हणजे सोर्सच्या दिशेचा, शेजारी कोण, हे तो युनिकास्ट (एकाकडून एकाकडे जाणाऱ्या नेहमीच्या) राउटिंगला विचारून ठरवतो. समजा राउटर हँग झाला, पण मध्ये स्विच असल्यामुळे इंटरफेस ‘अप’च दिसतोय. ओएसपीएफ (युनिकास्ट मार्ग काढणारा प्रोटोकॉल) डिफॉल्ट टायमरवर असेल तर ४० सेकंद कोणाला पत्ताच नसतो आणि स्ट्रीम बंद. बीएफडी (शेजारी जिवंत आहे का हे सतत तपासणारा प्रोटोकॉल) लावून ५० मिलिसेकंदांचं अंतर आणि ३ चा गुणक ठेवला, तर तेच १५० मिलिसेकंदांत कळतं. पण कळलं म्हणजे सावरलं असं नाही. नवा मार्ग काढायचा, प्रत्येक सोर्स-ग्रुप नोंदीचा वरचा शेजारी बदलायचा, मग टप्प्याटप्प्याने जॉइन (स्ट्रीम मागणारे पीआयएमचे संदेश) पाठवायचे. दहा-वीस ग्रुपना हे जाणवत नाही, हजारोंना जाणवतं.

मोएफआरआर (आरएफसी ७४३१, २०१५) नेमका हा वेळ वाचवतो. राउटर दोन अपस्ट्रीमकडे (वरच्या शेजाऱ्यांकडे) आधीच जॉइन पाठवून ठेवतो, स्ट्रीम दोन्हीकडून घेतो आणि एक प्रत टाकून देतो. पहिली तुटली की दुसरी पुढे. किंमत उघड आहे: बॅकअप मार्गावर बँडविड्थ कायमची अडकते. शिवाय वर कुठेतरी दोन्ही मार्ग एकाच राउटरमधून जात असतील, तर तो पडल्यावर दोन्ही प्रती एकदमच जातात. आणखी एक खोच: काही अंमलबजावण्या राउटिंग बदललं की मार्ग बदलतात, काही स्ट्रीम थांबली की. दूरचा नोड पडतो तेव्हा दुसरा प्रकार खूपच सरस. विक्रेत्याला हे आधी विचारा.

लाइव्ह-लाइव्हमध्ये राउटरला काहीच कळावं लागत नाही. दोन वेगळ्या मार्गांनी दोन स्ट्रीम जातात आणि रिसीव्हर आरटीपीचे (ऑडिओ-व्हिडिओ वाहून नेणाऱ्या प्रोटोकॉलचे) अनुक्रमांक पाहून त्या जुळवतो. प्रसारणक्षेत्रात त्यासाठी एसएमपीटीई २०२२-७ आहे. बफर पुरेसा असेल तर एकही पॅकेट जात नाही. मात्र रिसीव्हरमध्ये ती सोय हवी, आणि दोन्ही जाळी खरोखर वेगळी हवीत.

रिसीव्हरलगतच्या राउटरकडे मात्र सर्रास दुर्लक्ष होतं. तिथे मोएफआरआर निरुपयोगी, कारण निवड करणारा राउटरच पडलेला असतो. दुसरा राउटर डीआर (रिसीव्हरच्या वतीने जॉइन पाठवणारा, निवडलेला राउटर) व्हायला पीआयएमच्या डिफॉल्ट होल्डटाइमनुसार (शेजारी गेला असं मानण्याआधी थांबायचा वेळ) १०५ सेकंद लागू शकतात. बीएफडी ओएसपीएफला लावून भागत नाही, पीआयएमलाही जोडावा लागतो.

आरपीचा प्रश्न शक्य असेल तर मुळातूनच काढून टाका: एसएसएमला (रिसीव्हर ग्रुपसोबत सोर्सही सांगतो ती पद्धत, २३२.०.०.०/८) आरपी लागतच नाही, फक्त रिसीव्हरना आयजीएमपी (राउटरकडे ग्रुप मागायचा प्रोटोकॉल) व्हर्जन ३ यायला हवं. नाहीतर एनीकास्ट आरपी, म्हणजे एकाच पत्त्यावर एकाहून जास्त आरपी. या आरपींनी सोर्सची माहिती एकमेकांना द्यावी लागते; त्यासाठीचा एमएसडीपी हा प्रोटोकॉल आयपीव्ही४ पुरताच असल्याने आयपीव्ही६ साठी आरएफसी ४६१० ची पद्धत घ्या.

माझं मत: बीएफडी आणि जलद कन्व्हर्जन्स सगळ्यांनीच आधी लावावं. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. थेट व्हिडिओला तेवढा खंडही चालत नसेल आणि मार्ग खरोखर वेगळे असतील, तर वर मोएफआरआर. एकही पॅकेट गमावणं परवडत नसेल, तरच लाइव्ह-लाइव्हचा दुप्पट खर्च करा. आणि चाचणीत नुसती केबल उपटू नका. लिंक डाउन लगेच कळते, त्यामुळे आकडे फारच देखणे येतात. राउटर गोठवून बघा.