रॅक्लेट ग्रिल: नऊ महिने वापरल्यावर

आठ जणांचा विजेवरचा रॅक्लेट ग्रिल. 1300 वॅट, वर पालटून वापरता येणारा नॉनस्टिक तवा (एक बाजू सपाट, एक खाचांची), त्याच्या खालच्या अंगाला कॉइल, कॉइलखाली आठ छोटे पॅन आणि तापमानासाठी एकच फिरतं बटण. वापर महिन्यातून दोन-तीनदा, कधी चौघांसाठी, कधी आठांसाठी. निकाल आधीच सांगतो: नुसतं चीज वितळवायला हे यंत्र घेऊ नका, ते काम ओव्हनमधलं ग्रिलही करतं. पाहुण्यांना चीजचं जेवण घालायचंय, पण जेवून उठताना कुणाचं पोट जड व्हायला नको, अशा वेळी मात्र त्याला तोड नाही.

याचं कारण पॅनच्या आकारात आहे. रॅक्लेट मूळचं स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतातलं. चीजचं नाव तेच, पदार्थाचंही तेच आणि ते आलंय फ्रेंचमधल्या खरवडण्याच्या क्रियापदावरून. जुन्या पद्धतीत चीजचं अर्धं चाक धगीसमोर धरतात आणि वितळलेला थर थेट ताटलीत खरवडतात. तसं वाढत गेलं की माणशी 200 ग्रॅम कधी संपतं ते कळत नाही. 100 ग्रॅम रॅक्लेटमध्ये साधारण 350 किलोकॅलरी आणि 28 ग्रॅम स्निग्धांश असतो, म्हणजे नुसत्या चीजच्याच 700 किलोकॅलरी झाल्या. या ग्रिलच्या पॅनमध्ये 25 ग्रॅमचा काप नेमका बसतो आणि तो वितळायला चार मिनिटं घेतो. तेवढ्यात प्रत्येक जण बटाटा सोलतो, तव्यावरची भाजी उलटतो, बोलत बसतो. चौथ्या-पाचव्या पॅनला हात आपोआप थांबतो. 100 ते 125 ग्रॅममध्ये भागतं आणि ‘अजून हवं होतं’ असं कुणी म्हणत नाही.

हलकं करायचं म्हणून लो-फॅट चीज आणाल तर पस्तावाल. चीजमध्ये केसीन या प्रथिनाचं जाळं असतं, कॅल्शियमने बांधलेलं, आणि त्यात स्निग्धांशाचे थेंब अडकलेले असतात. उष्णता लागली की आधी स्निग्धांश पातळ होतो, मग जाळं सैल पडतं आणि चीज वाहू लागतं. स्निग्धांश काढून घेतला की जाळं दाट उरतं. कॉइलच्या धगीने वरचं पाणी उडतं, वर कातडं धरतं आणि खाली चिवट रबर राहतं. पूर्ण स्निग्धांशाचं, चवीला ठसठशीत चीज घ्या आणि काप लहान करा. या ग्रिलवर हलकं जेवण याच वाटेने जमतं.

रॅक्लेट नसेल तर ग्रुयेर, एमेंटाल, फोंतिना, कोवळा गौडा, कोवळं चेडर, पिझ्झासाठीचं कमी पाण्याचं मोझरेला, यातलं काहीही चालतं. ताजं, पाण्यातलं मोझरेला नको, पॅनमध्ये तळं होतं. वर्षभराहून जास्त मुरलेलं चेडर किंवा गौडाही नको. मुरताना प्रथिनांचं जाळं इतकं तुटलेलं असतं की त्याला तेल धरवत नाही, ते वेगळं होऊन वर तरंगतं. पार्मिजानो पॅनमध्ये वाहत नाही, पण दुसऱ्या चीजवर 5 ग्रॅम किसून टाकलं तर चव दुप्पट होते. पनीर आणि बकरीच्या दुधाचं ताजं चीज कितीही तापवा, वितळत नाही, कारण ते आम्लाने साकळलेलं असतं. हलूमीही वितळत नाही, म्हणून ते वरच्या तव्यावर टाकायचं: सेंटिमीटरभर जाड काप, एकेका बाजूला दोन मिनिटं. वेष्टनावर ‘किसलेलं’ असं लिहिलेलं चीज टाळा. त्यातल्या पिठूळ पुडीमुळे ते सुटं राहतं, पण वितळल्यावर रवाळ लागतं.

पाहुण्यांत शाकाहारी कुणी असेल तर लेबल वाचा. पार्मिजानो रेज्जानो आणि ग्रुयेर वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध साकळवणाऱ्या विकराने) साकळवतात. ‘मायक्रोबियल रेनेट’ (सूक्ष्मजीवांपासून मिळवलेलं) लिहिलेली चीजं वेगळ्या ताटलीत, वेगळ्या सुरीने कापून ठेवा. व्हालेचं अस्सल रॅक्लेट कच्च्या दुधाचं असतं. गरोदर स्त्रिया जेवणार असतील तर पाश्चराइज्ड दुधाचं आणा.

काप 5 ते 6 मिलिमीटर जाडीचे हवेत. त्याहून पातळ काप कडेने करपतात, त्याहून जाड असले तर वरून तपकिरी होतात आणि आत घट्टच राहतात. कापायचं ते फ्रिजमधून काढल्या काढल्या, गार चीज सुरीला चिकटत नाही. मग काप झाकून अर्धा तास बाहेर ठेवा. गार काप थेट कॉइलखाली सरकवला तर वितळायला दीड-दोन मिनिटं जास्त लागतात आणि तोवर वरचा थर तेल सोडतो. रॅक्लेटची साल खाता येते, पण तिचा उग्र वास पॅनमध्ये आणखी खुलतो. सवय नसलेल्यांसाठी सालीविना काप वेगळे ठेवलेले बरे.

बटाटे माणशी 200 ग्रॅम. छोटे आणि शिजल्यावर फुटणार नाहीत अशा चिकट जातीचे घ्या, पिठूळ बटाटा चीजखाली भुगा होतो. गार मिठाच्या पाण्यात सालासकट टाकून उकळी आल्यावर 20 मिनिटं शिजवा, पाणी काढा आणि जाड फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवा, तासभर गरम राहतात. व्हिनेगरमधल्या छोट्या काकड्या आणि कांदे हवेतच. आंबट काही नसेल तर तिसऱ्या पॅनलाच तोंड ओशट होतं.

आता तव्याकडे. पुस्तिकेत दहा मिनिटं तापवा असं लिहिलंय. तेवढ्यात तवा तापतो, पण पॅनची जागा तापायला पंधरा मिनिटं लागतात. आधी बटण पूर्ण फिरवायचं, चीज सुरू झाल्यावर दोन-तृतीयांशावर आणायचं. मशरूम, झुकिनी, सिमला मिरची, वांगं, सगळ्यांचे काप सेंटिमीटरच्या आतले, एका मोठ्या वाडग्यात चमचाभर तेल लावून हाताने चोळलेले. तेल तव्यावर ओतू नका, ते खाचांतून कडेला वाहतं आणि भाजी कोरडीच राहते. मीठ भाजल्यानंतर. आधी घातलं तर पाणी सुटतं आणि भाजी भाजण्याऐवजी उकडते. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे कच्चं मशरूम किंवा झुकिनी पॅनमध्ये घालून वर चीज पसरणं. पॅनला धग फक्त वरून मिळते. चीज भाजीवर झाकण बसवतं, वाफ अडकते आणि चार मिनिटांनी कच्ची भाजी पाण्यात पोहत असते. भाजी आधी तव्यावर, मगच पॅनमध्ये. चिकन किंवा मासा ठेवणार असाल तर अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्ट्या करा, कच्च्यासाठी चिमटा वेगळा ठेवा आणि तव्याची एक बाजू त्यांनाच नेमून द्या. ओल्या मसाल्यात बुडवलेलं काही टाकू नका, टेबलभर शिंतोडे उडतात.

चीज-बटाट्याच्या पुढे जाऊन या पॅनमध्ये सगळ्यात चांगली जमते ती फ्लॉवर घातलेली मॅकरोनी. नेहमीचा मैदा-लोणी-दुधाचा सॉस इथे नाही. चौघांसाठी 350 ग्रॅम फ्लॉवर 12 ते 14 मिनिटं अगदी मऊ शिजवून 150 मिलिलिटर दुधासोबत मिक्सरमधून गुळगुळीत काढा. पातेल्यात गरम करून 4 ग्रॅम सोडियम सायट्रेट (सायट्रिक आम्लाचं मीठ) विरघळवा, उकळी फुटायच्या आत आच बंद करा आणि 100 ग्रॅम किसलेलं चेडर मूठमूठ घालत फेटा. वर 20 ग्रॅम पार्मिजानो, चमचाभर मोहरीची पेस्ट आणि मिरपूड. यात 200 ग्रॅम मॅकरोनी, पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं कमी शिजवलेली. एका पॅनमध्ये तीन-चार चमचे मिश्रण, वर चमचाभर पावाचा चुरा, पाच-सहा मिनिटं. चार माणसांत चीज 120 ग्रॅमच जातं, पण ताटात ते भरपूर वाटतं.

सायट्रेटचं काम असं की ते केसीनमधलं कॅल्शियम धरून ठेवतं. जाळं सुटं होतं आणि पाणी, तेल, प्रथिनं एकजीव राहतात. 1911 साली स्वित्झर्लंडच्या थुन शहरात वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी याच मिठाच्या जोरावर पहिलं प्रोसेस्ड चीज केलं. प्रमाण चीजच्या वजनाच्या 3 ते 4 टक्के, त्याहून वाढलं की खारट-साबणी चव येते. मिळालं नाही तर किसलेलं चीज दोन चमचे कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून घाला आणि शेवटी चमचाभर लिंबाचा रस पिळा. तितकं गुळगुळीत होत नाही, पण फुटत नाही. सॉस उकळलात मात्र, तर सायट्रेट असूनही खात्री देता येत नाही.

तीस ग्रॅम परतलेला पालक, वर एक लहान अंडं आणि 15 ग्रॅम ग्रुयेर, सात मिनिटं: हेही छान लागतं. नासपतीच्या चकतीवर 5 ग्रॅम ब्लू चीज दोन मिनिटांत होतं, शेवटचा घास म्हणून.

माणशी 125 ग्रॅमच्या हिशेबाने आठ जणांना किलोभर चीज लागतं. जेवणाआधी चीजची ताटली मांडू नका, तिथेच 50 ग्रॅम पोटात जातं आणि सगळा हिशेब ढासळतो. गार पाणी प्यायलं की चीजचा पोटात गोळा होतो, असं बरेच जण म्हणतात. पाण्याचं ठाऊक नाही, पण 2010 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापलेल्या प्रयोगात 20 निरोगी लोकांना फोंड्यूसोबत (वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खायचा पदार्थ) एकदा व्हाइट वाइन आणि एकदा काळा चहा दिला होता. पोट रिकामं व्हायला वाइनसोबत जास्त वेळ लागला. काळा चहा ठेवा, कोरा आणि कडक.

आता तक्रारी. पहिली, धग सारखी नाही. कॉइल वळणदार आहे, मधल्या चार पॅनमध्ये चीज साडेतीन मिनिटांत होतं, कोपऱ्यांतल्या चारांत साडेपाच. इलाज एकच, पॅनची जागा कुणाच्या नावाची ठेवायची नाही, जो आधी भुकेला तो मधे सरकवेल. दुसरी, पॅनच्या कडा फार बसक्या आहेत. काठोकाठ भरला तर सरकवताना चीज कॉइलला लागतं, धूर होतो आणि तो वास दुसऱ्या दिवसापर्यंत घरात राहतो. कडेपासून अर्धा सेंटिमीटर खाली भरा. तिसरी, वायर जेमतेम सव्वा मीटर. 1300 वॅट म्हणजे 230 व्होल्टवर सुमारे 5.7 अँपिअर, लाइट-पंख्याची बारीक एक्स्टेन्शन चालणार नाही. गुंडाळीची असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते. आणि वायर खुर्च्यांच्या मधून जाऊ देऊ नका.

कोटिंगबद्दल: सहाव्या महिन्यात आठपैकी दोन पॅनचं कोटिंग कोपऱ्यात उडालं. दोष पॅनचा निम्मा, वापराचा निम्मा. रिकामा पॅन कॉइलखाली परत सरकवला की त्यात उष्णता शोषायला काही नसतं, तो भलताच तापतो, आणि असलं कोटिंग 260 अंशांच्या पुढे टिकत नाही. रिकामे पॅन खालच्या गार कप्प्यात ठेवायचे, हे बसल्याबसल्या सगळ्यांना सांगा. सोबत आलेली उलथनी प्लास्टिकची होती, टोकं वितळून वाकडी झाली. लाकडी घ्या, धातूची अजिबात नको. मुठीचे स्क्रू तिसऱ्या महिन्यापासून ढिले होतात, घट्ट करताना पॅन गार असू द्या.

दगडी तव्याचाही प्रकार मिळतो. दिसतो देखणा, धगही जास्त वेळ धरतो, पण तापायला अर्धा तास लागतो आणि तापलेला असताना गार पाणी पडलं तर तडकतो. पॅन असलेल्या ग्रिलवर तो सोसायची गरज वाटत नाही.

धुताना गरम पाण्याचा मोह आवरा. गरम पाण्याने उरलेलं चीज पुन्हा मऊ होऊन स्क्रबरमध्ये तारा धरतं. पॅन पूर्ण गार होऊ द्या, घट्ट झालेलं चीज लाकडाने उचकटा, मग दहा मिनिटं गार पाण्यात ठेवून साबण लावा. डिशवॉशर चालतो असं खोक्यावर लिहिलंय, पण डिशवॉशरमधून काढलेल्या पॅनचं कोटिंग हाताने धुतलेल्यांपेक्षा लवकर निस्तेज झालं. कॉइलला पाणी लावायचं नाही, ओलसर कापडाने फक्त बाहेरचा सांगाडा पुसा.

उरलेले काप मेणकागद मधे घालून फ्रीझरमध्ये ठेवले तर दोन महिने चालतात. गोठल्यावर चीज भुसभुशीत होतं, तसंच खायला बरं लागत नाही, पण पॅनमध्ये वितळवल्यावर फरक जाणवत नाही. काढताना रात्रभर फ्रिजमध्ये सुटू द्या आणि कापांवरचं पाणी टिपून घ्या, नाहीतर पॅनमध्ये तडतडतात.