बायोलॉजीच्या वर्गात एआय, आठ महिन्यांनी

जूनपासून अकरावी-बारावीला एआय चॅटबॉट वापरतेय. पुण्यात ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, स्टाफरूममध्ये सगळे विचारतात खरंच उपयोग होतो का, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

होतो. सगळ्यात जास्त उलटे प्रश्न विचारून घ्यायला. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार शिकवताना मुलं घोकतात, हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन, संपलं. मी सांगितलं, चॅटबॉटला म्हणा उत्तर देऊ नकोस, मलाच विचार. त्यानं विचारलं, ऑक्सिजन कमी झाल्यावरच त्या तांबड्या पेशी वाकड्या का होतात? पोरं अर्धा तास त्याच्यावरच भांडत होती, इतकी वर्षं शिकवतेय पण असं क्वचितच बघितलंय.

मराठी मिडियममधून आलेल्या मुलांना मराठीत विचारता येतं हे मोठंच काम झालं, पण तिथे नीट लक्ष ठेवावं लागतं. मधेच हिंदी शब्द घुसतात. पेशीला कोशिका म्हणतं, आणि हिंदीत पेशी म्हणजे स्नायू, त्यामुळे एका मुलाच्या वहीत स्नायूंच्या धड्यात इतका घोळ झाला की सगळं परत लिहून घ्यावं लागलं.

चित्रांवर मात्र अजिबात विसंबू नका. कांद्याच्या मुळात पेशीविभाजन बघायचं प्रॅक्टिकल होतं. मंडईतून कांदे आणले, पाण्यावर ठेवून मुळं फुटू दिली, टोकं कापून ॲसिटोकार्मिननं रंगवली, कव्हरस्लिपवर अंगठ्यानं दाबून स्लाइड केली. एका मुलीनं जर्नलमध्ये एआयनं काढलेलं चित्र बघून आकृती काढली होती, त्यात प्रत्येक पेशी विभाजनात आणि गुणसूत्रं मनाला येतील तेवढी, कांद्यात १६ असतात! मी तिला रागावले नाही, मायक्रोस्कोपवर बसवलं आणि १०० पेशी मोजायला लावल्या. विभाजनातल्या निघाल्या ७, बाकी सगळ्या इंटरफेजमध्ये, म्हणजे दोन विभाजनांच्या मधल्या काळात. डोळा न काढता म्हणाली, "मॅडम, बहुतेक तर नुसत्याच बसल्यात की!" त्या नुसत्या बसलेल्या नसतात, डीएनएची कॉपी तेव्हाच होते, हे मग तिला एका वाक्यात कळलं.

तेव्हापासून ते चुकीचं चित्रच प्रॅक्टिकलला देते, स्लाइड बघा आणि चुका शोधा. मस्त चालतं.

पुढच्या जूनपासून आधी स्लाइड, मग हातानं आकृती, मग फोन असाच क्रम ठेवणार आहे. मायक्रोस्कोप कमी पडतात, अजून दोन मिळावेत म्हणून प्रिन्सिपल सरांकडे अर्ज दिलाय.