जुनी स्विफ्ट आणि 50 हजार: 16 इंची अलॉय टाकायचे की 14 च्याच लोखंडी रिमवर चांगले टायर?

भाच्याने मागच्या महिन्यात 2014 ची स्विफ्ट घेतली, पेट्रोल व्हीएक्सआय (मधलं मॉडेल), सिंगल ओनर, पत्रा एकदम स्वच्छ. गाडी दारात लागून तीन दिवस नाही झाले तर फोन, मामा 50 हजार बाजूला ठेवलेत, 16 इंची अलॉय, म्हणजे मिश्रधातूच्या रिमा, टाकू का. आता हाच खर्च मी माझ्या 2013 च्या स्विफ्टवर करून बसलोय, दीड वर्ष 16 इंची अलॉयवर फिरलो आणि सव्वा वर्ष झालं परत कंपनीच्या लोखंडी रिमवर आलोय, दोन्ही बाजू बघितल्यात म्हणून त्याला फोनवर जे अर्धवट सांगितलं ते इथे नीट लिहितो, अजून कोणी याच विचारात असेल तर कामाला येईल.

आधी अलॉयबद्दल चांगलं बोलतो कारण ते खरंच चांगलं आहे. 16 इंची चाक लागलं की स्विफ्ट वेगळीच दिसते, चाकाची कमान भरून येते, गाडी जमिनीला धरून उभी आहे असं वाटतं. आणि नुसतं दिसण्यापुरतं नाही, धुळ्याहून पारोळ्याकडे हायवेवर लेन बदलताना गाडी झुलत नाही, स्टिअरिंग फिरवलं की लगेच ऐकते. मोजायला माझ्याकडे काही यंत्र नाही, पण अमळनेर-धुळे रस्त्यावरची वळणं मला पाठ आहेत आणि तिथे फरक हाताला कळायचा. पहिले दोन महिने मी रोज संध्याकाळी गाडी पुसायचो.

साईजमध्ये मात्र लोक हमखास फसतात म्हणून एवढं सांगतो. व्हीएक्सआयला मुळात 165/80 आर14 टायर येतो (रुंदी 165 मिलीमीटर, भिंत म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या 80 टक्के, रिम 14 इंची), त्याचा व्यास साधारण 620 मिलीमीटर. 16 ला जायचं तर 195/55 आर16 घ्या, तो 621 वर येतो, म्हणजे स्पीडोमीटर बरोबर राहतो. दुकानात 195/50 आर16 स्वस्तात गळ्यात मारायला बघतात, त्याचा व्यास 601 च भरतो, गाडी जवळजवळ एक सेंटीमीटर खाली बसते आणि आपल्याकडच्या गावोगावच्या स्पीडब्रेकरवर तो एक सेंटीमीटर फार असतो. दुसरं म्हणजे बाजारातले बरेच अलॉय सगळ्या गाड्यांना चालावेत म्हणून मधलं भोक मोठं ठेवतात, स्विफ्टचा हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) 54.1 मिलीमीटरचा आहे, मध्ये हब रिंग (फट भरणारं कडं) टाकली नाही तर चाक केंद्रात बसत नाही आणि 80 च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, मग तुम्ही कितीही वेळा बॅलन्सिंग करा. माझ्या दुकानदाराने रिंगा टाकल्या नव्हत्या, मी दोनदा बॅलन्सिंगचे पैसे भरले तेव्हा तिसऱ्या ठिकाणच्या माणसाने चाक काढून दाखवलं.

हे सगळं निस्तरता येतं. जे निस्तरलं नाही ते सांगतो.

आपल्याकडे काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन-तीन वर्षात लाटा धरतो आणि कडेला तुटतो, त्यात ऊस-केळीचे ट्रॅक्टर. 165/80 च्या टायरची भिंत 132 मिलीमीटरची असते, 195/55 ची 107. कागदावर अडीच सेंटीमीटर कमी, पण पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक गेल्यावर टायर दबून संपतो आणि मार रिमवर बसतो. माझी पुढची डावी रिम पहिल्याच पावसाळ्यात आतून वाकली. बाहेरून काहीच दिसत नाही. फक्त दर तिसऱ्या दिवशी सकाळी ते चाक बसलेलं असायचं, 33 भरलेली हवा 20-22 वर. पंक्चर काढायला गेलो, पंक्चर नाही. व्हॉल्व बदलला, तरी तेच. शेवटी पारोळ्याच्या पंक्चरवाल्याने चाक पाण्याच्या टाकीत बुडवून फिरवलं आणि म्हणाला, "भाऊ, रिम वाकेल शे, हवा आठून जाई ऱ्हायनी," म्हणजे रिम वाकलीय, हवा इथून जातेय. टायर आणि रिम जिथे चिकटतात तिथून बारीक बारीक बुडबुडे.

लोखंडी रिम असती तर त्यानेच घणाने ठोकून दहा मिनिटात सरळ केली असती. अलॉयला ते चालत नाही, तडा जातो. जळगावला नेऊन सरळ करून आणली, चार महिन्यांनी मागची उजवी तशीच. मग माझी सकाळ अशी झाली की चहाच्या आधी चारही चाकांना पाय लावून बघायचं, डिक्कीत पंप, ऑफिसला निघायच्या आधी दहा मिनिटं हवा. एकदा बहिणीकडे लग्नाला निघालो, सगळे आवरून गाडीत बसलेले, आई पुढे, आणि चाक खाली. त्या दिवशी ठरवलं. गाडीवर प्रेम आहे म्हणून पैसा लावला होता आणि रोज सकाळी पहिला विचार आज कोणतं चाक बसलं असेल हा यायला लागला, ते मला सहन झालं नाही.

आता दुसरी बाजू. अलॉय-टायर मिळेल त्या किमतीला विकून टाकले, माळ्यावरच्या जुन्या लोखंडी रिमा काढल्या, गंज घासून गनमेटल रंगाचं पावडर कोटिंग करून घेतलं आणि त्यावर 185/70 आर14 टाकले. व्यास 615 च्या आसपास, फरक नावाला, भिंत 130 म्हणजे जवळजवळ मूळ टायरएवढी, आणि रुंदी 20 मिलीमीटर जास्त. चार टायर मला 20 हजाराच्या आत बसले. रिमची कड घासून घ्यायला विसरू नका, ट्यूबलेसमध्ये गंजातूनही हवा जाते.

दिसायला अलॉयची सर नाही, हे मान्यच. हायवेवरही 16 वर जेवढी घट्ट वाटायची तेवढी वाटत नाही. पण अलॉयच्या बिलाच्या मानाने जे 30 हजार वाचतात त्यात मी पुढचे शॉकअप, लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या दांड्यातले रबर) आणि चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं, आणि खरं सांगतो दहा वर्षं जुन्या गाडीत त्याने जो फरक पडला तो टायरने पडला नव्हता. शॉकअप मेलेले असताना वर चाकं भारी टाकली तरी गाडीचं झुलणं तसंच राहतं. उरलेल्या पैशात दारांना डॅम्पिंग शीट (आवाज-थरथर कमी करणारे) आणि पुढचे दोन स्पीकर, आणि हेडलाईटला रिले टाकून वायरिंग. बल्ब तेच 60/55 वॅटचे, फक्त करंट जाड वायरने सरळ बॅटरीतून येतो, कन्नड घाटात धुक्यात पिवळा उजेड बरा पडतो. पिकअपही मला मोकळा वाटला, चाकं हलकी झाल्यामुळे असावं, मायलेज लिटरला एखादा किलोमीटर वाढलं असं माझा टाकी ते टाकीचा हिशोब सांगतो, तुमचं वेगळं येऊ शकतं.

ज्याची गाडी बहुतेक हायवेवर, मुंबई-नाशिकला वगैरे जाते आणि गावात कमी, त्याने अलॉय टाकले तर मी नको म्हणणार नाही. तसं असेल तर 16 ऐवजी 15 बघा, झेडएक्सआयला (वरच्या मॉडेलला) कंपनीतूनच 185/65 आर15 येतो, कोणाच्या गाडीचे काढलेले ओरिजिनल अलॉय मिळाले तर हब रिंगचीही भानगड नाही आणि भिंतही 120 राहते. पण रिम घ्यायच्या आधी फिरवून बघा, आतली कड बोटाने चाचपा. रोजचा रस्ता अमळनेर, चोपडा, शिरपूरकडचा असेल, शेतात गाडी जात असेल, तर मी तरी परत 16 कडे जाणार नाही.

चाकं कुठलीही घ्या, सायलेन्सर बदलायच्या वाटेला जाऊ नका, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही मूळ गाडीत परस्पर बदल नको असंच सांगितलंय. चाकं बदलली तर इन्शुरन्सवाल्याला कळवून ठेवा.

भाच्याचं मन अजून अलॉयवरच आहे, वय तसं आहे. रविवारी आम्ही दोघं धुळ्याला जाऊन दोन्ही बघणार आहोत. त्याला म्हटलंय काय घ्यायचं ते तू ठरव, फक्त टायरवरची तारीख मी वाचणार, शेवटचे चार आकडे, 2319 लिहिलेलं असेल तर 2019 चा तेविसावा आठवडा, असला जुना टायर आपल्या 45 डिग्रीच्या मे महिन्यात नको.