थिअरी आणि रिसर्च मेथड्स: वेगवेगळं शिकवावं की गुंफून?

टीवायबीएच्या समाजशास्त्राचे सिद्धांत आणि संशोधन पद्धती हे दोन्ही पेपर तुमच्या वाट्याला आले असतील, तर सेमिस्टर सुरू होण्याआधीच ठरवावं लागतं: दोन्ही वेगळे शिकवायचे की एकमेकांत गुंफून. माझा कल गुंफण्याकडे आहे, पण वेगळं शिकवणाऱ्यांची बाजू कच्ची नाही.

वेगळं शिकवलं की पोर्शन वेळेत संपतो. मार्क्स, दुर्खिम, वेबर अशी ओळ लागते आणि परीक्षेत काय येणार हे कळतं. बाहेरगावाहून पुण्यात आलेल्या, सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर नोकरी करणाऱ्या मुलांना या शिस्तीचा मोठा आधार असतो. दोन पेपर दोन शिक्षकांकडे असतील तर हाच मार्ग सोयीचा.

अडचण प्रोजेक्टच्या वेळी दिसते. नमुना निवडीचे, म्हणजे सर्वेक्षणासाठी माणसं कशी निवडायची याचे, सगळे प्रकार तोंडपाठ असलेली मुलगी गुगल फॉर्म बनवते आणि मैत्रिणींच्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते. ‘घरातले निर्णय कोण घेतं?’ याला बहुतेकांचं उत्तर ‘सर्वजण मिळून’, आणि निष्कर्ष असा की कुटुंबात समानता आली. तोच प्रश्न ‘घरातला फ्रिज कोणी पसंत केला, पैसे कोणी दिले, आईला कधी विचारलं?’ असा फोडला तर वेगळंच चित्र दिसू शकतं. पण असा प्रश्न सुचायला सत्तेची संकल्पना डोक्यात हवी, आणि ती तर दुसऱ्या पेपरच्या वहीत पडून असते.

गुंफण्याची सुरुवात दुर्खिमपासून करता येते. त्याचा आत्महत्येवरचा १८९७ चा ग्रंथ शिकवताना त्याच तासाला विचारावं: हे आकडे त्याने आणले कुठून? सरकारी नोंदींतून. मग एखाद्या मृत्यूची नोंद आत्महत्या म्हणून कोण करतं आणि कोण टाळतं? आपल्याकडे शेतकरी आत्महत्यांचे प्रस्ताव मदतीसाठी ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ ठरतात, तिथे हा प्रश्न मुलांना लगेच भिडतो. वर्गात कुणाच्या घरी असं घडलेलं असू शकतं, हे धरूनच बोलावं.

पुण्यात राहून हा मार्ग न वापरणं मला तर खटकतं. शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागरमधल्या जमिनीच्या तुकड्यांचा आणि कर्जाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. आज तिथल्याच सोसायट्यांत राहणारी मुलं तुमच्या वर्गात असतील. गोखले संस्थेतून अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराचं सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण केलं, त्याचा पहिला भाग १९४५ चा. डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे होत्या. नमुना म्हणजे काय हे सांगायला परदेशी उदाहरण कशाला हवं?

गुंफण्याला वेळ मात्र फार जातो. शंभराचा वर्ग, परवानग्या, संध्याकाळी उशिरापर्यंत बाहेर राहू न शकणाऱ्या मुली, हे सगळं खरं आहे. पोर्शन मागे पडला तर तोटा मुलांचाच होतो. वर्ग इतका मोठा असेल तर दोन्ही पेपर वेगळेच ठेवा आणि एकच घटक गुंफा.

त्यासाठी मी डॉ. आंबेडकरांचा जातीवरचा १९१६ चा निबंध निवडेन. अंतर्विवाह, म्हणजे आपल्याच जातीत लग्न करणं, हाच जातीचा गाभा, असं ते मांडतात. रविवारच्या वर्तमानपत्रातल्या वधू-वर जाहिराती हे त्यासाठीचं साहित्य वर्गात बसून हाताळता येतं. प्रत्येक जोडीला त्याच वीस जाहिराती द्या: जात, पोटजात, पगार, रंग, घर, कशाचा उल्लेख आहे हे दोघांनी एकमेकांना न दाखवता तक्त्यात भरायचं. ‘आंतरजातीय चालेल’ म्हणून पुढे ठरावीक जाती वगळणारी जाहिरात आली की एक जण ती ‘जातीची अट नाही’ या रकान्यात टाकतो, दुसरी ‘अट आहे’ मध्ये. तिथे थांबा आणि दोघांना आपापला रकाना निबंधाच्या आधारे पटवून द्यायला सांगा. सांकेतिकरण (मजकूर ठरलेल्या रकान्यांत टाकणं), विश्वसनीयता (दोघांनी तेच साहित्य पाहून तेच उत्तर देणं) आणि अंतर्विवाह हे तिन्ही त्या एकाच वादात शिकवून होतात.