०.२२ मायक्रॉनचे स्टराइल सिरिंज फिल्टर: काही महिने वापरल्यानंतर

सिरिंजच्या तोंडाला लावून द्रावणातले जिवाणू गाळून काढणारा हा फिल्टर साधाच आहे: ३३ मिमी व्यास, पीईएसचा (पॉलिईथरसल्फोन हे प्लास्टिक) मेम्ब्रेन म्हणजे गाळणारा पडदा, ०.२२ मायक्रॉन, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला, प्रत्येक नग सुट्या पाकिटात. अँपिसिलिन आणि कॅनामायसिन ही प्रतिजैविकं, आयपीटीजी (जिवाणूंमधलं जनुक चालू करणारं रसायन), टिश्यू कल्चरच्या माध्यमात मागाहून घालायचं जिबरेलिक अ‍ॅसिड हे वनस्पतींचं संप्रेरक, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) जे घालत नाहीत ते सगळं यातून गाळलं जातं. फिल्टरबद्दल तक्रार फारशी नाही. बिघडतं ते बहुतेक वेळा चुकीच्या सिरिंजमुळे आणि जोर लावल्यामुळे.

सिरिंज जितकी लहान तितका दाब जास्त, हे नवख्यांना उलटं वाटतं. त्याच अंगठ्याने २० मिलिच्या सिरिंजमधून साधारण २ बार दाब येतो, १ मिलिच्या सिरिंजमधून १० बारपर्यंत जातो. अनेक फिल्टरांचं हाउसिंग एवढं सोसत नाही. म्हणून १० मिलि किंवा त्याहून मोठी, तीही ल्युअर लॉकवाली, म्हणजे फिरवून घट्ट बसणारी सिरिंजच घ्यावी. नुसती खोचायची सिरिंज दाबाखाली सुटते आणि स्टॉक (साठ्याचं दाट द्रावण) हूडभर, म्हणजे स्वच्छ हवेच्या कामाच्या कपाटभर, उडतो.

पाकिटाचा कागद सोलायचा, पण फिल्टर बाहेर काढायचा नाही. भरलेली सिरिंज पाकिटातल्या फिल्टरवरच फिरवून बसवायची आणि मग उचलायची, म्हणजे खालच्या तोंडाला बोट लागत नाही. द्रावण भरल्यावर सिरिंजमध्ये १ मिलि हवा ओढून ठेवावी. सिरिंज फिल्टर खाली करून उभी धरली की हवा प्लंजरकडे जाते आणि शेवटी वरच्या बाजूला अडकलेलं द्रावणही ढकलते. आडवी धरली तर हाच बुडबुडा मेम्ब्रेनसमोर येऊन बसतो. ओल्या मेम्ब्रेनमधून हवा जात नाही, वाट बंद होते. पहिले दहाबारा थेंब टाकून द्यावेत. पुन्हा भरायचं असेल तर आधी फिल्टर काढून बाजूला, त्याच्या पाकिटातच ठेवावा. फिल्टर लावलेला असताना प्लंजर मागे ओढला की मेम्ब्रेन फाटण्याची भीती असते.

प्लंजर जड व्हायला लागला की थांबा, फिल्टर बदला. जोर करून शेवटचे दोन मिलि काढण्यात अर्थ नाही. आणि जड असलेला प्लंजर अचानक हलका झाला, तर मेम्ब्रेन फुटला असं धरून खाली जमलेलं सगळं पुन्हा गाळायचं. सीरम आणि पेशींचा लायसेट (फोडलेल्या पेशींचा रस) फिल्टर लगेच तुंबवतात. त्यांना आधी सेंट्रिफ्यूज, मग ०.४५ आणि शेवटी ०.२२ मायक्रॉन. अँपिसिलिनचा १०० मिग्रॅ/मिलि स्टॉक तुंबला, तर बहुधा पावडर पूर्ण विरघळलेली नसते. मग जे गाळून मिळतं त्याची ताकदही लेबलावर लिहिल्याएवढी नसते.

मेम्ब्रेन शाबूत आहे का अशी शंका असेल तर एक स्वस्त चाचणी आहे. गाळून झाल्यावर सिरिंज काढून तिच्यात १० मिलि हवा भरायची, तोच ओला फिल्टर पुन्हा लावायचा, टोक पाण्यात बुडवायचं आणि प्लंजर ५ मिलिपर्यंत दाबायचा. आत वातावरणापेक्षा साधारण १ बार जास्त दाब तयार होतो. शाबूत पीईएस मेम्ब्रेनचा बबल पॉइंट (ओल्या मेम्ब्रेनमधून हवा पार होऊ लागते तो दाब) पाण्यात याच्या बराच वर असतो, त्यामुळे बुडबुड्यांची धार दिसता कामा नये. दिसली तर त्यातून गाळलेली बाटली स्टराइल धरायची नाही.

मेम्ब्रेनची निवड मात्र डोळे मिटून करू नये. पीईएस प्रथिनं कमी धरतो, नायलॉन भरपूर धरतो. वाढीचे घटक (पेशींना वाढायला लावणारी प्रथिनं) नायलॉनमधून गाळले तर महागडा माल मेम्ब्रेनवरच राहतो. डीएमएसओ हा सेंद्रिय द्रावक पीईएसला चालत नाही, त्याला रीजनरेटेड सेल्युलोज किंवा पीटीएफई (टेफ्लॉन) मेम्ब्रेन लागतो. पण पीटीएफई पाण्याला उभा करत नाही, आधी अल्कोहोलने भिजवल्याशिवाय जलीय द्रावण उतरतच नाही. इथेनॉलमधला क्लोरॅम्फेनिकॉलचा स्टॉक गाळायची गरजच नसते, तरी लोक गाळतात. एक मिलिच्या आतला माल असेल तर ३३ मिमीचा फिल्टर नको, आत साधारण ०.१ मिलि राहून जातं. १३ मिमीचा किंवा ४ मिमीचा बघा.

‘स्टराइल’ या शब्दावर जास्त भार टाकू नका. ०.२२ची कसोटी ब्रेव्हुंडिमोनास डिमिन्युटा या जिवाणूवर घेतली जाते. विषाणू आणि एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) आरामात पार होतात, मायकोप्लाझ्मा या अगदी लहान जिवाणूंसाठी ०.१ मायक्रॉन लागतो. उलट, लेंटिव्हायरस (पेशींत जनुक पोचवायला वापरतात तो विषाणू) गाळताना ०.४५ वापरतात, ०.२२मध्ये विषाणूच कमी होतो.

किंमत सोसवत नाही म्हणून काही जण एचपीएलसीसाठीचे (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) सुटे, निर्जंतुक न केलेले फिल्टर कल्चरला वापरतात. दिसायला दोन्ही सारखेच आणि रंगाचे संकेत प्रत्येक कंपनीचे वेगळे, तेव्हा असा डबा हूडच्या खोलीत येऊच देऊ नये.