धमकी फोनवर, कबुली माझ्या हातची

मी जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या लेन्स विकते. कुणाच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून असलेल्या विकत घ्यायच्या, उघडून साफ करायच्या, ॲपर्चरची, म्हणजे आत येणारा प्रकाश कमी-जास्त करणारी, चिकटलेली पाती मोकळी करायची आणि ऑनलाइन विकायला लावायच्या. महिन्याला चार-पाच जातात. धंदा म्हणावा एवढं मोठं काही नाही, आणि छंद म्हणावा तर त्यात पैसे अडकलेले असतात. कुठल्या प्लॅटफॉर्मवर विकते ते मुद्दाम सांगत नाही. जे झालं ते कुठेही होऊ शकलं असतं, आणि त्यातला निम्मा वाटा माझ्याच मूर्खपणाचा आहे.

तेव्हा माझ्या खात्यावर नऊ रेटिंग होती. नऊच्या नऊ पाच स्टार. हा आकडा पुढे लागणार आहे.

दहावी ऑर्डर आली. पाठवण्याआधी नेहमीसारखं लेन्समधून टॉर्च मारून पाहिलं, काच स्वच्छ होती, फोटो काढले. पार्सलमध्ये माझी नेहमीची चिठ्ठी घातली: "काही अडचण आली तर आधी मला फोन करा." खाली नंबर. माणसानं माणसाशी बोलावं, लगेच तक्रार कशाला, असा माझा त्यामागचा भाबडा विचार. मी ही चिठ्ठी मोठ्या कौतुकानं छापून घेतली होती.

पार्सल पोचल्यावर तिसऱ्या दिवशी फोन आला. बोलणारे गृहस्थ अत्यंत सभ्य. लेन्सच्या आत फंगस, म्हणजे बुरशी, आहे म्हणाले. मी फोटो मागितला, तो लगेच आला. काचेच्या कडेनं कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरलेले स्पष्ट दिसत होते. माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, रिटर्न टाका, सगळे पैसे परत मिळतील.

"अहो, परत कशाला पाठवायची? लेन्स आवडलीय मला. तुम्ही अर्धे पैसे द्या, मी साफ करून घेतो. प्लॅटफॉर्मला मध्ये आणलं की उगाच वेळ जातो. आणि तुमची रेटिंग बघितली मी, सगळी पाच-पाच आहेत. माझ्यामुळे बिघडायला नको."

ही धमकी आहे हे मला कळलं नाही असं म्हणणार नाही. कळलं होतं. पण ती इतक्या अदबीनं आली की मला तो समजूतदारपणाचा सौदा वाटला.

आता त्या नऊ रेटिंगचं गणित. नऊ पाच-स्टार आणि एक एक-स्टार म्हणजे सरासरी ४.६. ती पुन्हा ४.९ वर न्यायची तर ओळीनं ३० पाच-स्टार लागतात. महिन्याला चार-पाच ऑर्डर, त्यातल्या निम्म्या लोकांनी जरी रेटिंग दिलं तरी वर्षाच्या वर जातं. ज्याच्याकडे हजार रेटिंग आहेत त्याच्या सरासरीला तोच एक स्टार खरचटतसुद्धा नाही. काही ठिकाणी तर सरासरीपेक्षा टक्केवारीचा दट्ट्या मोठा असतो. ॲमेझॉनवर 'ऑर्डर डिफेक्ट रेट', म्हणजे बिघडलेल्या ऑर्डरींचं प्रमाण, एक टक्क्याच्या आत ठेवावा लागतो आणि एक-दोन स्टारचा फीडबॅक त्यात धरला जातो. दहा ऑर्डरवाल्याची एक बिघडली की झाले दहा टक्के. असली माणसं नव्या, लहान विक्रेत्यांनाच का गाठतात, याचं उत्तर मला या आकडेमोडीत मिळालं. पण ते नंतर. त्या दुपारी मी फक्त ४.६ पाहिलं आणि घाबरले.

आणि मग मी प्लॅटफॉर्मच्या चॅटमध्ये स्वतःच्या हातानं लिहिलं: "ठरल्याप्रमाणे अर्धे पैसे आज पाठवते. कृपया पाच स्टार द्या."

पैसे पाठवले तेही थेट त्यांच्या बँक खात्यात. प्लॅटफॉर्मवरून अर्धा रिफंड देता आला असता, पण त्यांनी खाते क्रमांक दिला आणि मी मुकाट्यानं पाठवले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रात्री झोप येईना म्हणून तो फंगसचा फोटो पुन्हा उघडला. बऱ्याच जुन्या लेन्सच्या पुढच्या रिंगवर सिरीयल नंबर कोरलेला असतो. फोटो मोठा केला. शेवटचे तीन आकडे माझ्या लिस्टिंगच्या फोटोतल्या आकड्यांशी जुळत नव्हते. मॉडेल तेच, लेन्स दुसरीच. त्यांच्याकडे आधीपासून असलेली किंवा कुठून तरी मिळवलेली. शिवाय स्वच्छ काचेवर तीन दिवसांत अशी जाळी धरत नाही, त्याला दमट हवा आणि बराच काळ लागतो. ज्या बाईनं आजवर कितीतरी लेन्स उघडून फंगस पुसली, तिला हे फोनवर सुचू नये! भीती वाटली की माणसाला स्वतःचं कामही आठवत नाही, एवढंच म्हणते.

सकाळी फोन केला. नंबर जुळत नाही म्हटल्याबरोबर फोन कट. तासाभरात एक स्टार पडला. मजकूर दोनच वाक्यांचा: "फंगस लागलेली लेन्स पाठवली. वर पाच स्टारसाठी पैसे दिले."

पहिलं वाक्य धादांत खोटं. दुसरं अक्षरशः खरं, आणि त्याचा पुरावा माझ्याच चॅटमध्ये.

मी सपोर्टला लांबलचक पत्र लिहिलं. फोन, धमकी, सिरीयल नंबर, माझा प्रामाणिकपणा, सगळं त्यात होतं. चार दिवसांनी उत्तर आलं ते मलाच ताकीद देणारं: पैशांच्या बदल्यात रेटिंगवर प्रभाव टाकण्याचा प्रयत्न. त्यांनी चॅट तपासला होता. चॅटमध्ये धमकी नव्हतीच, ती फोनवर होती. लेखी होती ती फक्त माझी लाच. इथे मला फार वाईट वाटलं, पण नियम चुकीचा आहे असं आजही म्हणत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२४ मध्ये केलेल्या नियमातही चांगला किंवा वाईट ठराविक सूर लावण्याच्या अटीवर रिव्ह्यूसाठी मोबदला द्यायला मनाई आहे. पाच स्टार विकत घेणारा लबाड आणि घाबरून विकत घेणारी मी, दोघांचं वाक्य कागदावर सारखंच दिसतं.

रिव्ह्यू काढण्याच्या अर्जाला मात्र दोन ओळींचं उत्तर आलं: हा फीडबॅक नियमांचं उल्लंघन करत नाही.

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझी ती पत्रं आणि बरंच रक्त वाचलं असतं. विक्रेता लिहितो "हे खोटं आहे". पण खरं-खोटं ठरवायला तिथे कुणी बसलेलं नसतं. लेन्स त्यांनी पाहिलेली नाही, पाहणारही नाहीत. ते एवढंच बघतात की मजकूर एखाद्या नियमात अडकतो का: शिवीगाळ, कुणाची खासगी माहिती, धमकी देऊन काही उकळणं, भलत्याच गोष्टीबद्दलची तक्रार. ॲमेझॉनवर विक्रेत्याच्या फीडबॅकमध्ये नुसताच वस्तूचा रिव्ह्यू लिहिला असेल, किंवा त्यांनीच पोचवलेल्या ऑर्डरच्या डिलिव्हरीबद्दलचा राग असेल, तर तो खोडण्याची सोय आहे. म्हणजे अर्जात आपली व्यथा लिहायची नाही. कुठला नियम मोडला आणि तो कुठल्या वाक्यात, हे दाखवायचं. तीन ओळी पुरतात. माझी तीन पानं कुणी पूर्ण वाचली असतील असं वाटत नाही.

"मग तूही त्याला वाईट रेटिंग दे ना," असं घरचे म्हणाले. ते दिवस गेले. ईबेवर १९९६ पासून फीडबॅक आहे, आणि बरीच वर्षं विक्रेतेही ग्राहकाला निगेटिव्ह देत. पण मग सूड म्हणून उलटं निगेटिव्ह मिळेल या भीतीनं ग्राहक खरं लिहीनासे झाले, आणि २००८ मध्ये ईबेनं विक्रेत्यांचा तो हक्क काढून घेतला. ग्राहक म्हणून मला हे पटतं. विक्रेती म्हणून ते वर्ष मला पाठ झालंय.

जाहीर उत्तर द्यायची सोय होती. पहिला मसुदा लिहिला तो असा की वाचणाऱ्याला मीच भांडखोर वाटावी. त्यात त्या गृहस्थांचं नाव आणि ते कुठे राहतात हेही लिहिलं होतं. तसंच टाकलं असतं तर खासगी माहिती उघड केल्याबद्दल दुसरी ताकीद पक्की होती. मैत्रिणीनं दोन दिवस ते टाकू दिलं नाही. शेवटी गेलं ते एवढं: "पाठवलेल्या लेन्सचा सिरीयल नंबर लिस्टिंगच्या चौथ्या फोटोत आहे. तक्रारीच्या फोटोतला नंबर वेगळा आहे. रिटर्नची मुदत चालू आहे, पाठवलेली लेन्स परत आल्यास पूर्ण रिफंड मिळेल." हे उत्तर त्या माणसासाठी नव्हतंच. पुढे कधीतरी लेन्स घ्यायला येणारा कुणीतरी तो एक स्टार उघडून बघेल, त्याच्यासाठी होतं. हाच मजकूर मी त्या गृहस्थांना चॅटमध्येही पाठवला.

मधल्या काळात आणखी एक महाभाग उगवला. "निगेटिव्ह रिव्ह्यू २४ तासांत काढून देतो, आत कॉन्टॅक्ट आहे." आगाऊ पैसे आणि माझ्या खात्याचा ओटीपी हवा होता. खात्यावर ताजा एक स्टार दिसला की हे लोक माश्यांसारखे घोंघावतात. एकदा पोळले होते म्हणून वाचले, अक्कल होती म्हणून नव्हे.

पुढे जे झालं त्यात माझी हुशारी काही नाही, त्या लेन्सवाल्या गृहस्थांची हाव आहे. जवळपास दोन आठवड्यांनी चॅटमध्ये त्यांचा मेसेज आला: "उरलेले अर्धे पैसे पाठवा, लगेच रिव्ह्यू काढून टाकतो." फोन मी उचलत नव्हते, म्हणून बिचाऱ्याला लिहावं लागलं.

मी उत्तर दिलं नाही. ते वाक्य, त्याची तारीख आणि खंडणीबद्दलच्या नियमाचं कलम, एवढंच नव्या अर्जात टाकलं. दोन दिवसांत रिव्ह्यू गेला.

अर्धे पैसे मात्र गेले ते गेलेच. प्लॅटफॉर्म म्हणाला, व्यवहार आमच्या बाहेर झाला. बँक म्हणाली, तुम्ही स्वतःहून पाठवलेत. दोघांचंही बरोबर आहे. लेन्स परत आली नाही. माझ्या खात्यावरची ताकीदही तशीच आहे, ती काढायला मी अर्ज केलेला नाही, काय लिहिणार?

आता चिठ्ठीवर फोन नंबर नाही. पॅक करताना एका सलग व्हिडिओत सिरीयल नंबर, टॉर्चखालची काच आणि बंद होणारा खोका असं सगळं घेते. पैसे परत द्यायचे झाले तर फक्त ऑर्डरच्या पानावरच्या रिफंडच्या बटणानं. आणि ज्यांच्याकडे माझा जुना नंबर आहे त्यांचा फोन आला की नम्रपणे सांगते, हे सगळं चॅटमध्ये लिहाल का? बहुतेक जण लिहितात. काही जण पुन्हा फोनच करतात, त्यांना मी पुन्हा तेच सांगते.

गेल्या महिन्यात एकानं लिहिलं, फोकस रिंग फार घट्ट आहे. वाचताना छातीत धस्स झालं. रिटर्नचा पर्याय लिहून कळवला, रेटिंगबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांनी लेन्स ठेवून घेतली आणि तीन स्टार दिले. मी पाठवण्याआधीचा व्हिडिओ काढून पाहिला. रिंग खरंच घट्ट होती.