३४,१९९ रुपये आणि शेपटीवरची उलटी अक्षरं

आकडा आधीच सांगून टाकतो. ३४,१९९ रुपये. नऊ दिवसांत चार वेळा, माझ्याच हाताने पाठवलेले. घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही. हे लिहितानासुद्धा कान तापतायत. तरी लिहितोय, कारण जुनं रिमोटचं हेलिकॉप्टर विकतो म्हणून मला फसवणारा तो माणूस अजून विकतोय.

रिमोटवरचं हेलिकॉप्टर शिकायचं वेड मला दीड वर्षापूर्वी लागलं. ज्यांनी हात घातलाय त्यांना वेगळं सांगायला नको. साधा कॅमेऱ्याचा ड्रोन रिमोटच्या काड्या सोडल्या की जागेवर थांबतो. कलेक्टिव्ह पिचच्या, म्हणजे पात्यांचा कोन बदलून वर-खाली होणाऱ्या हेलिकॉप्टरला क्षणाक्षणाला सावरावं लागतं. शेपूट आपल्याकडे असेपर्यंत कसंबसं जमतं. नाक आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, घाबरून काडी चुकीकडे जाते आणि एका पडण्यात पाती, फेदरिंग शाफ्ट, मुख्य शाफ्ट, गिअर सगळ्याची वाट लागते. म्हणून जाणकार सांगतात, आधी सिम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या सरावावर तास घाला. मी साठ तास घातले. उठलो आणि खेळणं घ्यायला निघालो असा प्रकार नव्हता.

मग जुन्या, ४५० या मापाच्या हेलिकॉप्टरची जाहिरात दिसली. ट्रान्समीटर, चार्जर, तीन लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या, आणि 'उडवायला मी शिकवीन' असं वर. किंमत मातीमोल नव्हती, नेहमीच्या भावापेक्षा थोडीच कमी. फुकटात लावली असती तर मी तिथेच थांबलो असतो. लोक म्हणतात हाव नडली. हाव नव्हती हो, शिकवणारा माणूस मिळतोय याचा आनंद होता.

पहिले दहा दिवस त्याने पैशांचा विषयच काढला नाही. रोज विचारायचा, 'नोज-इन किती वेळ धरता?', म्हणजे नाक आपल्याकडे ठेवून हवेत किती वेळ थांबवता. बॅटरी जोडण्याआधी थ्रॉटल होल्ड, म्हणजे मोटर बंद ठेवणारं बटण बघा म्हणायचा. लिपो पूर्ण भरून ठेवू नका, न वापरता ठेवायची असेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवा, हेही त्यानेच सांगितलं. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. मी त्याला सर म्हणत होतो. हे सगळं वाचून कोणालाही येतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. हेलिकॉप्टरची माहिती असणं वेगळं आणि हेलिकॉप्टर असणं वेगळं.

आता तो व्हिडिओ. मीच मागितला, त्याने पाच मिनिटांत पाठवला. शेपटीच्या फिनवर, म्हणजे उभ्या पट्टीवर अक्षरं होती, उलटी, आरशात दिसतात तशी. मला ती दिसली. दिसली नाही असं मी म्हणणार नाही. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलं असेल, अशी समजूत मीच घालून घेतली. उडतं हेलिकॉप्टर पुढच्या कॅमेऱ्याने कोण काढेल? दुसऱ्याचा व्हिडिओ चोरायचा आणि ओळखू येऊ नये म्हणून डावं-उजवं उलटवायचं, एवढंच ते होतं. आणि पाती! मोटर सुरू होताना पाती सावकाश फिरतात, तेव्हा दिशा स्पष्ट दिसते. या छंदातल्या बहुतेक हेलिकॉप्टरांची पाती वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. इथे उलटी फिरत होती. साठ तास सिम्युलेटरवर बसलेल्या माणसाला हे दिसू नये? पण मी पात्यांकडे बघतच नव्हतो. मी हॉवर, म्हणजे हवेत एका जागी थांबणं बघत होतो. गुडघाभर उंचीवर, खाली गवत चहूकडे आडवं झालेलं, आणि हेलिकॉप्टर तसूभर हलत नव्हतं. मला तेच यायला हवं होतं. त्या रात्री तो व्हिडिओ मी सात-आठ वेळा पाहिला.

दुसऱ्या दिवशी ५,००० 'राखून ठेवायला'. तीन दिवसांनी उरलेले १८,५००. मग लिथियम बॅटऱ्यांच्या वेगळ्या पॅकिंगचे ३,२००. लिपो पाठवताना कुरिअरवाले खरंच अडवतात, म्हणून तेही पटलं. शेवटी 'विमा, पार्सल हातात पडलं की परत' म्हणून ७,४९९, रात्री सव्वाअकराला. 'परत मिळणारे' पैसे कोणी मागितले की फोन ठेवा. तिथल्या तिथे ठेवा. त्यानंतर आणखी ९,००० मागितले, तेव्हा मी म्हटलं, सर, पार्सलशेजारी आजचा पेपर ठेवून एक फोटो द्या. मिनिटभरात ब्लॉक. पार्सलचा म्हणून दिलेला नंबर कोणाच्या तरी जुन्या, पोचलेल्या पार्सलचा निघाला.

बँकेत गेलो. 'व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय, मग फसवणूक कशी?' अहो, फसवलं म्हणूनच मंजूर केला ना! फॉर्म भरून घेतला, चौदा दिवसांनी 'तक्रार निकाली' असा मेसेज आला. काय निकाली, कोणाच्या बाजूने, एक शब्द नाही. पोलीस चौकीत पहिला प्रश्न, 'खेळण्यासाठी एवढे पैसे?' बाकावर बसलेले दोघे हसले. अर्जात त्यांनी 'ड्रोन' लिहिलं. ड्रोन नाही, हेलिकॉप्टर आहे म्हटलं, तर परवानगीचा कागद मलाच मागितला. जी वस्तू माझ्या हातात आलीच नाही, तिच्या परवानगीचा! हे आमच्याकडे नाही, सायबरवाल्यांकडे जा. सायबरवाले म्हणाले, आधी चौकीचा शिक्का आणा. चार फेऱ्या, दोन रजा. ज्या खात्यात पैसे गेले त्याचा नंबर कागदावर होता. तो कोणी वाचूनसुद्धा पाहिला नाही. पहिल्याच तासात ते खातं गोठवलं असतं तर निदान ७,४९९ तरी वाचले असते. मी पाच दिवस 'सर फोन करतील' म्हणून बसून राहिलो, ती चूक माझी. तुम्ही पाच मिनिटंही बसू नका.

मेसेज पुसू नका. मी रागात अर्धे पुसले, आणि तेच नंतर मागितले.

जुनं हेलिकॉप्टर घेताना आलेल्या व्हिडिओवर जाऊ नका. समोरासमोर व्हिडिओ कॉल करा. मुख्य पाती काढायला सांगा, मोटरच्या तारा सोडायला सांगा, मग बॅटरी जोडून तुम्ही म्हणाल तशी काडी हलवायला सांगा. कलेक्टिव्ह वर म्हटलं की स्वॉशप्लेट (पात्यांचा कोन बदलणारी तबकडी) सरळ वर-खाली सरकली पाहिजे, डावीकडे म्हटलं की डावीकडे कलली पाहिजे. दोन मिनिटांचं काम. ज्याच्याकडे मशीन आहे तो आनंदाने करेल. ज्याच्याकडे नाही त्याचा कॅमेरा त्याच दिवशी बिघडलेला असेल.

परवा तोच व्हिडिओ दुसऱ्या नावाच्या जाहिरातीत दिसला. तेच गवत, तोच हॉवर. फिनवरची अक्षरं अजून उलटीच आहेत.